पडद्याजवळचं खोकं

मला सिनेमा एका माणसानं शिकवला आणि तत्त्वज्ञान दुसऱ्यानं. दोघंही माझे वैरी होते. एकमेकांचं तोंड त्यांनी एकदाच पाहिलं, तेही माझ्यामुळे, आणि त्याच दिवशी दोघांनीही मला हाकललं. ते कसं झालं ते लिहितो. धाकटा मुलगा म्हणतो, "आबा, तुम्ही मराठी तिसरी शिकलेले, तत्त्वज्ञानाचं नाव कशाला घेता, लोक हसतील." हसू देत. ज्यांना कॉलेजात पंख्याखाली बसून या गोष्टी मिळाल्या, त्यांच्यापाशी त्यातलं किती उरलं आहे ते मी त्यांच्या बोलण्यावरून रोज पाहतो. माझ्यापाशी जे आहे ते शिव्या खाऊन मिळवलेलं आहे, म्हणून ते जात नाही.

आमचं घर धुळ्यात, जुन्या गावात. कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की आमच्या फळीवरची भांडी थरथरत. नाना, म्हणजे माझे वडील, त्याच जिनात कामाला. त्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले होते, म्हणून ते घरातही ओरडूनच बोलत. त्यांनी नुसतं पाणी मागितलं तरी शेजारणीला वाटे की आज पुन्हा भांडण पेटलं, आणि पुष्कळदा तिचं खरंही असे. नाना घरात शिरले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या केसांवर कापसाचा भुरा असायचा, आणि माय त्यांना उंबऱ्याबाहेरच पदरानं झटकायची. ते खोकत आत येत. माय कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यांवर वांगी भाजायची. त्या काड्यांचा धूर दुसऱ्या कुठल्या धुरासारखा नसतो, आणि त्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत गॅसवाल्या सुनांना जन्मात जमायचं नाही, हे मी तोंडावर सांगतो आणि त्या तोंड फिरवतात. कळण्याची भाकरी, भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना कोणी बोलायचं नाही, एकटे नाना बोलायचे. त्यांचं बोलणं एकच होतं. "मुकादमाला सांगून ठेवलंय. जिनात जागा आहे. ही नाटकं बंद झाली की सरळ तिथं." मी खाली मान घालून भाकरी मोडायचो. मला ते कान नको होते आणि तो खोकला नको होता.

नाटकं म्हणजे माझी नोकरी. बाजारपेठेच्या मागे कापसाचं एक जुनं पत्र्याचं गोदाम होतं. एका शेठनं ते भाड्यानं घेऊन तिथं सिनेमा सुरू केला होता. तेव्हाचा सिनेमा मुका. मधेमधे पडद्यावर अक्षरं यायची, हिंदीत, गुजरातीत, कधी मराठीत, पण बाजारच्या दिवशी साक्रीकडून बैलगाड्या जुंपून आलेल्या माणसांना त्यांतलं एकही अक्षर येत नसे. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला एक लाकडी खोकं ठेवलेलं असे आणि त्यावर हातात काठी घेऊन एक माणूस उभा राही. तो चित्रातलं सगळं लोकांना त्यांच्या बोलीत सांगे. तो माणूस मी. ही कोण, तो कोण, ती का रडते, हा घोड्यावर बसून कुठे निघाला, सगळं मीच. लोकही गप्प बसणारे नव्हते. "मंग काय व्हयनं?" म्हणून खालून आवाज यायचा, आणि मी काठी आपटून पुढचं सांगायचो. दुपारचा खेळ, वर तापलेला पत्रा, पत्र्याच्या भोकांतून आत उतरलेल्या उन्हाच्या सुया, शेंगांची टरफलं, आणि कापडाच्या आडोशापलीकडे बायांच्या मांडीवर झोपलेली पोरं. मला तिथं जे सुख होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते आधी काढून घेतलं असतं.

मशीन चालवायचे हमीदचाचा. मूळचे जळगावचे. एक भुवई जळून गेलेली, त्यामुळे ते कायम अर्धे रागावलेले दिसत. उरलेल्या अर्ध्याचीही त्यांनी कधी कसूर ठेवली नाही. चित्रांच्या पेट्या जळगावहून चाळीसगावमार्गे रेल्वेनं यायच्या आणि त्या उतरवण्यापासून फिल्मची तुटलेली पट्टी जोडण्यापर्यंत सगळं त्यांनी मला शिकवलं, पण शिकवलं असं म्हणायला जीभ कचरते. ते "देख" म्हणत, एकदाच करून दाखवत आणि मी चुकलो की गुंडाळीच्या लोखंडी टोकानं बोटांवर मारत. पट्टी जोडायच्या औषधाला पिकल्या केळ्यासारखा वास यायचा. एक दिवस त्यांनी हातभर पट्टी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "बता, हाथ कहाँ हिला?" मी पाहत राहिलो. एका बाईचं चित्र, खाली पुन्हा तेच, खाली पुन्हा तेच. हात जरासा वर, आणखी जरासा वर. हललेला हात कुठेच नव्हता. "हिलता नहीं है," चाचा म्हणाले, "हर दो फोटो के बीच में अंधेरा है. हिलाता तू है, तेरी खोपडी. अब झाडू मार." मी झाडू मारला, पण सगळी नजर त्या पट्टीकडे.

त्याच सुमारास कानावर आलं की पांझरेपलीकडे देवपुरात एक मास्तर आहेत, ते जग नाही असं सिद्ध करून दाखवतात. मी भांडायला गेलो. आजही सांगतो, शिकायला गेलो नव्हतो. नदी तेव्हा कोरडी होती, वाळू तुडवत गेलो. मास्तर हायस्कुलातून निवृत्त झालेले, उघड्या अंगावर उपरणं, समोर सतरंजीवर चारदोन वकील, कारकून. मी दारातूनच म्हणालो, "जग नाही तर तुम्ही जेवता काय?"

कोणी हसलं. मास्तर हसले नाहीत. "हा प्रश्न आहे की उर्मटपणा?"

"दोन्ही."

"प्रश्न असेल तेवढा आत येऊ दे. दुसरा बाहेर ठेव." मग त्यांनी मला त्या घरचा नियम सांगितला, आणि तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. "इथे विचारल्याशिवाय कोणी कोणाला काही सांगत नाही. तू विचारलंस तर मला सांगावंच लागेल, मग तू मला कितीही न आवडो. नाही विचारलंस तर मी सांगणार नाही. आणि इथून नेलेलं तूही कोणाला न विचारता सांगायचं नाहीस. ज्याला तहान नाही त्याच्या तोंडात पाणी ओतलं की तो गुदमरतो."

नानांचा डबा जिनात पोचवून मी रोज देवपूर गाठू लागलो. मास्तर सांगत, दिसतं ते बदलतं, पाहणारा बदलत नाही. दिसणारं डोळ्यापुढे, डोळा मनापुढे, मन आणखी कोणापुढे तरी. मला ते लगेच कळायचं, वकिलांना कळायचं नाही, कारण वकिलांनी हातभर पट्टी उजेडासमोर धरली नव्हती. एकदा मी हेच बोललो. मास्तरांचा चेहरा आंबट झाला. "त्या गोदामाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. तिथे लोकांच्या विकारांना गुदगुल्या करतात." तिकडे चाचा म्हणत, "तेरा मास्टर आकर पट्टी जोड़ेगा? एक को पकड़." दोघांनाही वाटे की मी त्यांचा वेळ दुसऱ्याला चोरून देतो. दोघांपैकी एकाला धरलं असतं तर कदाचित शांत जगलो असतो. पण कोणी एक सोड म्हटलं की माझी मूठ दोन्हीवर आवळली जाते, हा माझा स्वभाव, आणि या वयात तो बदलायला मी बसलेलो नाही.

शेवटी मी मास्तरांना म्हणालो, "न पाहता नावं ठेवता, हे तुमच्या शास्त्रात बसतं का?" आता हा प्रश्न होता आणि त्यांचाच नियम होता. ते बराच वेळ उपरण्याचं टोक पिळत बसले. "येतो," म्हणाले. "एकदा पाहीन आणि मग या विषयावर एकदाच काय ते बोलेन."

बाजारच्या दिवशी ते आले. हातात छत्री, गोदामात ऊन नव्हतं तरी मिटेनात. शेठनं खुर्ची दिली. शेजारच्या माणसानं शेंगा पुढे केल्या, त्या त्यांनी हातानंच दूर सारल्या. चित्र होतं एका गरीब बाईचं. तिचं एकुलतं पोर तापानं जातं आणि ती त्याला मांडीवर घेऊन बसून राहते. मी ते आधीच्या बाजारी सांगितलं होतं. बाया कुठे रडतात, पुरुष कुठे नाक ओढतात, सगळं मला पाठ होतं. त्या दिवशीही तसंच झालं. पोर गेलं आणि आडोशापलीकडून हुंदके यायला लागले. माझं लक्ष खुर्चीकडे. मास्तर ताठ बसले होते आणि त्यांच्या ओठांवर ते आंबट हसू होतं. विकारांना गुदगुल्या. मला वाटलं, आता दाखवतो यांना की या खोक्यावरून काय काय सांगता येतं.

मी काठी आपटली आणि मोठ्यानं म्हणालो, "माय, तू कसाले रडस? आठे कोनी मरेल नही. हाई कापड शे आनि कापडवर उजेड शे. पोर बी नही, माय बी नही. देखनारी तू, तुले काय व्हयनं?"

हुंदके थांबले. मला क्षणभर वाटलं, पोचलं. मग आडोशाचं कापड बाजूला झालं आणि एक म्हातारी उभी राहिली. काळी, वाळलेली, कमरेला विळा खोचलेला. बाजारातून घेतलेला असणार. पडद्यावरचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर पडला होता.

"ए भाऊ," ती म्हणाली, "कापड शे ते आम्हले माहीत शे. आम्हले डोया शेतस. मन्ही आंडेर गयी तव्हय घरमा पावना व्हतात, वावरमा निंदनी व्हती. तव्हय मी रडनू नही. आते आठे ईसन रडी र्‍हायनू, तर तू काब्र मझार येस? तुले कोनी इचारं?"

तिची मुलगी गेली तेव्हा घरात पाहुणे, शेतात निंदणी, रडायला सवड नव्हती. ती आता रडत होती आणि मी मधे आलो होतो, कोणी न विचारता. एवढं सगळं तिनं भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात सांगितलं. मी गप्प बसलो असतो तर कदाचित निभावलं असतं. मी म्हणालो, "माय, मी खरं सांगस."

मग टरफलं आली. मग केळ्याची सालं, मग कोणाचं तरी पायताण. पुरुष उठले. "खाली उतर," "आमना पैसा दे," "शहाना व्हयना मोठा." चाचांनी झाकण पाडून उजेड बंद केला, चित्र थांबवलं आणि वरच्या मशीनच्या खोलीचं दार उघडून ते जिना उतरून आले. तिकडून मास्तर छत्री सावरत उठले. दोघं माझ्या खोक्यापाशी समोरासमोर आले. मी मधे, अंगावर टरफलं.

"हा तुमचा माणूस?" मास्तरांनी विचारलं.

"मेरा नहीं साहब, आपका है," चाचा म्हणाले. "ये ज्ञान मेरी मशीन से नहीं निकला. आपके घर से लाया है."

"माझ्या घरातून चोरून आणलेलं माझं नव्हे." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "त्या बाईनं काय विचारलं ते ऐकलंस? मी पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं. आता माझ्या दारात येऊ नकोस."

"और मेरे में भी नहीं," चाचा म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

मी माफी मागितली नाही. शेठ म्हणाला माग, मी नाही म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो. घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. नाना ओरडले, अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, "लोकांना रडूसुद्धा देत नाही म्हणे हा. उद्या भोंग्याला माझ्याबरोबर निघ." माय चुलीशी तोंड फिरवून हसत होती की काय करत होती, मला दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी मी जिनाच्या फाटकापर्यंत गेलो. आतून तो आवाज आला. दातात घुसणारा, थांबतच नाही असा. नाना पुढे गेले, त्यांना वाटलं मी मागे आहे. मी मागे वळलो. त्यांनी मला दोन महिने नावानं हाक मारली नाही, आणि नावाशिवाय मारलेल्या हाकेला मीही ओ दिली नाही.

शेठनं पुढच्या बाजारी खोक्यावर दुसरा माणूस उभा केला. गोरा, स्वच्छ धोतराचा, बोलणं पुस्तकी. लोक त्याला उत्तरच देईनात. तो "त्यानंतर" म्हणाला की खालून नुसतं पोर रडल्याचा आवाज. खेळ पडला. त्याच्या पुढच्या बाजारी शेठनं मला बोलावलं. चाचा जिन्यावर उभे राहून म्हणाले, "सेठ के वास्ते. मेरे वास्ते नहीं. एक बार और मुँह चलाया तो मैं खुद चप्पल मारूँगा."

मी खोक्यावर चढलो. तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती पश्चात्तापाची नव्हती, हे कोणी गळ्यात मारू नये. मास्तरांचा नियम विचारल्याशिवाय सांगू नये असा. आणि माझा धंदाच न विचारता सांगण्याचा. दोन्ही विद्या एका माणसानं करायच्या तर यांतलं एक मोडलं पाहिजे, नाहीतर दोन्ही एका जागी बसली पाहिजेत. म्हणून मी उभा राहिलो, काठी हातात, आणि तोंड मिटलं.

चित्र सुरू झालं. पडद्यावर एक तरुण गाव सोडून निघाला. मी गप्प. लोकांनी वाट पाहिली. मग सुरुवात झाली. "काय रे, घरमा जीभ इसरी उना का?" "परवा फार बोले, आते मुका व्हयना." "बोल, नहीतर उतर." हे विचारणं नव्हतं, हे दटावणं होतं, आणि दटावल्यावर मी बापाचंही ऐकलं नव्हतं. वरून चाचांनी भिंतीवर लाथ मारल्याचा आवाज आला. शेठ दारातून हातवारे करत होता. पडद्यावर तो तरुण एका घराच्या दाराशी उभा राहिला आणि आतून एक बाई आली. तिनं त्याला पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

तेव्हा मधल्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, दटावून नव्हे, खरंच न कळून, "भाऊ, ती बाई त्यान्ही कोन लागस?"

"बहीन," मी म्हणालो. आणि पुन्हा तोंड मिटलं.

मग जरा वेळानं बायांकडून आलं, "तिनी वळख्या का त्याले?"

"वळख्या. पन सांगस नही."

"काब्र?"

त्या "काब्र"ला, म्हणजे "का"ला, मी उत्तर दिलं, चांगलं लांब दिलं, कारण ते विचारलं होतं. खेळ संपेपर्यंत गोदामात प्रश्नच प्रश्न. लोक एकमेकांना गप्प करून विचारत होते. त्या दिवसापासून पुढे कितीतरी वर्षं मी तसंच केलं, आणि धुळ्यात तसं दुसरं कोणी केलं नाही. पुढे बोलपट आले. पडदा न विचारता स्वतःच बोलायला लागला, न थांबता, गाण्यांसकट. तेव्हा मी खोक्यावरून उतरलो आणि पुन्हा कधी सिनेमाला गेलो नाही. नातवंडं ओढतात. जात नाही. पण तो वेगळा राग आहे.

चाचा त्या दिवशीच्या खेळानंतर म्हणाले, "गूँगा आदमी रखते तो भी चलता." आणि गुंडाळायच्या पट्ट्या माझ्यापुढे ढकलल्या. म्हणजे एक दार उघडलं होतं. दुसऱ्या सकाळी मी पांझरा ओलांडली.

मास्तरांच्या घरात बोलणं चालू होतं. मला पाहिल्यावर थांबलं. वकिलांपैकी एक उठून दार लोटायला आला. मी उंबऱ्याच्या आत पाय घातला नाही.

"तुला येऊ नको म्हटलं होतं," मास्तर म्हणाले.

"मी आलो नाही. मी विचारायला उभा आहे."

त्यांनी वकिलाला हातानं थांबवलं.

मी विचारलं. "त्या बाईला माहीत होतं की ते कापड आहे. कोणी मेलेलं नाही हेही माहीत होतं. मुलगी गेली तेव्हा ती रडली नाही, आणि कापडापुढे रडली. तुम्ही म्हणता पाहणारा वेगळा, दिसणारं वेगळं. मग रडत होतं ते कोण? जिला माहीत होतं ती, की दुसरं कोणी?"

"हा तुझा प्रश्न नाही. तिचा आहे."

"ती विचारायला येणार नाही. तिला वावरात जायचंय. मी विचारतो."

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांना मी आवडत नव्हतो, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि ते लपवण्याचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. ते मला बरं वाटलं. नंतर ते म्हणाले, "बस."

सतरंजी दाखवली नाही. मीही पाहिली नाही. उंबऱ्याबाहेर जिथं उभा होतो तिथंच मातीवर बसलो. मास्तरांनी माझ्याकडे पाठ केली, घसा खाकरला आणि वकिलांकडे तोंड करून माझ्या प्रश्नाचं उत्तर सांगायला लागले. ते उत्तर त्या दिवशी पुरं झालं नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही गेलो.